डार्करूममधल्या कुंड्या

चिमणपुऱ्यातल्या माझ्या स्टुडिओच्या मागे
आठ बाय सहाची एक खोली आहे.
खिडकी होती, ती मीच बुजवली,
वीट, सिमेंट, वर काळा ऑइलपेंट,
दाराच्या फटीला सायकलची ट्यूब ठोकली.
एकोणीस वर्षं तिथे उजेडाला मज्जाव.
लाल झिरोचा दिवा तेवढा घरचा.

आता तिथे सात कुंड्या आहेत.

माझ्या नव्हेत. वरच्या मजल्यावरच्या शरयू भिलारे,
सिव्हिलमध्ये सिस्टर, कराडला बदली झाली तेव्हा
"दोनच महिने, काका," म्हणून ठेवून गेल्या.
परवा दोन वर्षं झाली.
पुढे रस्ता, मागे बोळ,
आणि थंडीत सूर्य अजिंक्यताऱ्याच्या आडून असा निसटतो
की आमच्याकडे उन्हाची नुसती बातमी येते.

पहिला दिवा आणला तो जांभळा.
शेजारचा पोरगा विचारून गेला, "काका, आत डीजे आहे का?"
पानं काळी दिसायची. कुठलं पिवळं पडलंय,
कुठे मावा बसलाय, काही कळेना.
हे मला तरी आधी सुचायला हवं होतं,
लाल दिव्याखाली लाल शाई दिसत नाही,
कितीदा रजिस्टरात घोटाळा केलाय मी.

नजीर शिकलगार म्हणाला, "पांढरा घ्या.
वॅटावर जाऊ नका, तो मीटरवाल्याचा आकडा.
पानापर्यंत पोचतं किती, ते बघा."
बघायला माझ्याकडे एकोणऐंशी सालचा लाइटमीटर,
सेलेनियमचा. सेल लागत नाही त्याला,
उजेड खाऊनच काटा हलतो.
झाडांच्याच जातीचा म्हणा.
पानाच्या जागी धरला. दिवा हातभर उंच, काटा आळसात.
वीतभरावर आणला, उठून बसला.
अंतर दुप्पट, उजेड चौथाई,
हे गणित मी लग्नाच्या मांडवात शिकलो,
मागच्या रांगेतले मामा काळे आल्यावर.

म्हणून स्ट्रॉबेरी वीतभरावर,
ब्राह्मी तिच्या शेजारी,
मनीप्लँट कोपऱ्यात, त्याला उरलंसुरलं चालतं.
तुळशीला बरोबर मधली जागा दिली,
तरी मान लांबवूनच बसते,
आणि मी सवयीनं म्हणतो,
"हनुवटी खाली. हां. आता हलू नका."

भिंत मात्र काळीच. दोनदा चुना मारला,
ऑइलपेंटनं धरला नाही.
शेवटी पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा
तिरका टांगला मागे.
चार दिवसांत खालची पानंही वर बघायला लागली.

फूल आलं. आत वारा नाही, माशी नाही.
रिटचिंगचा झिरो नंबरचा ब्रश काढला,
ज्यानं निम्म्या साताऱ्याचे देवीचे व्रण बुजवले,
तो फुलाच्या पोटात हळूच फिरवला.

टायमर सकाळी सहा ते रात्री आठ.
"चोवीस तास नको," शरयूताई फोनवर म्हणाल्या,
"झाडाला रात्र लागते."
मला सांगताय?
याच खोलीत, याच ओट्यावर, ट्रेच्या पाण्यात
आधी केस उगवायचे, मग भुवया,
सगळ्यात शेवटी गाल.

काल परळी खोऱ्यातली एक मुलगी आली,
पोलीस भरतीच्या फॉर्मला फोटो हवा होता.
"मागे पांढरंच पाहिजे, काका."
स्ट्रॉबेरीमागचा पडदा सोडवला, झटकला,
पाण्याचा ओघळ होता तो कोपरा
तिच्या खांद्याआड दडवला.
"मातीचा वास येतोय याला," ती म्हणाली,
आणि हसली. फॉर्मवर हसू चालत नाही,
परत काढला.

ती गेल्यावर पडदा जागेवर नेला.
बोराएवढं एक फळ पुढून लाल झालं होतं,
भिंतीकडून अजून पांढरं.
कुंडी पाऊण वळणावर फिरवली,
मुलगी दाखवायच्या फोटोला फिरवायचो तशी.
"माझ्याकडे नको," म्हटलं, "दिव्याकडे बघा."